खऱ्याचा पत्ता

कॅथरीन एबन यांचं 'बॉटल ऑफ लाइज' हे पुस्तक वाळूजमध्ये सुरू होतं. भारतीय जेनेरिक औषधांवरच्या, २०१९मध्ये अमेरिकेत आलेल्या या जाडजूड पुस्तकाचं पहिलंच दृश्य आपल्या एमआयडीसीत घडतंय, याची औरंगाबादला (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला) वाढलेल्या मला आधी गंमत वाटली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील त्या बाजूला शिफ्टला जायचे. ही गंमत दीडेक पानात संपली.

मार्च २०१३. अमेरिकेच्या एफडीएचा तपासनीस पीटर बेकर वोक्हार्टच्या कारखान्यात तपासणीला आलाय. एक कर्मचारी कचऱ्याची पारदर्शक पिशवी घेऊन लगबगीने निघालेला त्याला दिसतो. बेकर मागे जातो, कर्मचारी वेग वाढवतो आणि शेवटी पिशवी जिन्याखाली टाकून निघून जातो. पिशवीत फाडलेले कागद असतात, इन्सुलिनच्या बॅचेसच्या सुमारे पंचाहत्तर नोंदी. काही कुप्यांमध्ये काळे कण दिसल्याचं त्या कागदांवर लिहिलेलं असतं. अधिकृत दप्तरात त्याचा मागमूस नसतो. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने या कारखान्यातल्या मालावर आयातबंदी घातली.

बेकर पुस्तकात पुढे पुन्हा भेटतो, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटला. त्याचे बाकीचे सहकारी कंपनीने टेबलावर मांडलेल्या फायली वाचायचे. हा थेट प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर बसायचा. कोणती चाचणी किती वाजता झाली, कोणती फाइल डिलीट झाली, अधिकृत चाचणीच्या आधी तोच नमुना गुपचूप तपासून पाहिला होता का, हे तो यंत्राच्या लॉगमध्ये शोधायचा. कागद हवा तसा लिहिता येतो, पण लॉग सहसा खोटं बोलत नाही, कारण कुणी आपल्याला वाचेल असं त्याला वाटतच नसतं. आम्ही कोड लिहिणारी माणसं हे रोज बघतो.

पुस्तक चांगलं आहे. थ्रिलरसारखं पळतं, आणि त्यामागे बरीच वर्षं कागदपत्रं खणल्याची मेहनत जाणवते. जरूर वाचा. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या गोष्टीला एबन कथेतलं एक वळण समजून पुढे जातात, तिथे मी अडकले. ती गोष्ट म्हणजे एक कायदा.

आधी कथा. दिनेश ठाकूर हे इंजिनिअर अमेरिकेत ब्रिस्टल-मायर्स स्क्विबमध्ये काम करून २००३मध्ये रॅनबॅक्सीत गुरगावला आले. त्यांचं काम संशोधनाची माहिती नीट लावण्याचं, म्हणजे आपल्या भाषेत डेटाचं. २००४मध्ये हैदराबादच्या एका कंत्राटी प्रयोगशाळेत रॅनबॅक्सीच्या एड्सच्या औषधांच्या चाचण्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासनिसांना गंभीर गफलती सापडल्या. ठाकूर यांचे वरिष्ठ राजिंदर कुमार यांनी त्यांना सांगितलं, आपल्या घरात काय चाललंय ते शोधा. ठाकूर यांच्या माणसांनी कोणतं औषध, कोणता देश, नोंदणीच्या वेळी काय डेटा दिला आणि त्यामागे मूळ कागद आहे का, असं कोष्टक भरायला घेतलं. दोनशेहून जास्त औषधं आणि चाळीसहून जास्त देश, एवढा त्याचा विस्तार झाला. ज्या देशातला नियामक कमी कडक, तिथला डेटा जास्त बनावट. कुमार यांनी हे संचालकांच्या समितीपुढे मांडलं. प्रती नष्ट करा असा आदेश आला, असं पुस्तक सांगतं. कुमार यांनी नोकरी सोडली. २००५मध्ये ठाकूरही बाहेर पडले.

पुढचा भाग सिनेमासारखा आहे. खोट्या नावाने ईमेल, एफडीएची सुस्ती, मग हिमाचलमधल्या पाँवटा साहिबची तपासणी, २००८मध्ये पाँवटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांतल्या तीसहून जास्त औषधांवर आयातबंदी. शेवटी मे २०१३मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने सात गुन्ह्यांची कबुली दिली. एकूण ५० कोटी डॉलर भरायचं ठरलं, त्यातले १५ कोटी फौजदारी आणि ३५ कोटी दिवाणी. त्या दिवाणी रकमेतून ठाकूर यांना सुमारे ४.८६ कोटी डॉलर मिळाले.

हा शेवटचा आकडा वाचून माझ्या मित्राने विचारलं, "म्हणजे शेवटी पैशासाठीच ना?" पुस्तक या प्रश्नाला ठाकूर यांच्या स्वभावाने उत्तर देतं. ते किती कर्तव्यनिष्ठ होते, किती एकटे पडले, संसारावर काय ताण आला, वगैरे. मला वाटतं उत्तर स्वभावात नाहीच. ते १८६३ सालच्या एका कायद्यात आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. उत्तरेच्या सैन्याला माल पुरवणारे ठेकेदार सरकारला लुटत होते. लंगडी खेचरं, भुसा मिसळलेली दारू, पावसात विरघळणारे गणवेश. सरकारकडे प्रत्येक पेटी उघडून बघायला माणसं नव्हती. म्हणून लिंकनच्या काळात 'फॉल्स क्लेम्स अॅक्ट' आला. त्यातली युक्ती अशी, की ज्याला ही लबाडी माहीत आहे तो साधा नागरिकही सरकारच्या नावाने स्वतः दावा ठोकू शकतो. वसुली झाली तर अर्धा वाटा त्याचा. विधेयक मांडणाऱ्या सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी नैतिकतेचा आव आणला नाही. चोरांमधलाच एखादा फुटावा म्हणून हे आमिष आहे, असा त्यांचा उघड हिशेब होता. आपण याला काट्याने काटा काढणं म्हणतो.

१९४३मध्ये हा कायदा जवळजवळ दात काढून ठेवल्यासारखा झाला. १९८६मध्ये संरक्षण खात्याच्या खरेदीतल्या घोटाळ्यांनंतर तो पुन्हा धारदार केला गेला. आज त्याची यंत्रणा साधारण अशी चालते. तुम्ही वकिलामार्फत दावा दाखल करता, पण तो सीलबंद असतो. कंपनीला कळत नाही, वर्तमानपत्रांना कळत नाही. कायद्यात त्यासाठी किमान साठ दिवस आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. या काळात सरकार तपास करतं आणि ठरवतं, खटल्यात स्वतः उतरायचं की नाही. उतरलं तर वसुलीतला १५ ते २५ टक्के वाटा तक्रारदाराचा. नाही उतरलं तर तुम्ही एकटे लढू शकता, आणि जिंकलात तर वाटा २५ ते ३० टक्के. कंपनीला नुकसानीच्या तिप्पट भरावे लागू शकतात. नोकरीवरून काढलं तर त्याचाही वेगळा दावा. २०२४च्या आर्थिक वर्षात असे ९७९ दावे दाखल झाले आणि या कायद्याखाली एकूण २९० कोटी डॉलरहून जास्त वसुली झाली.

म्हणून 'पैशासाठीच ना' हा प्रश्न इथे लागूच होत नाही. कायदा बनवणाऱ्यांनी माणूस संत असेल असं गृहीतच धरलेलं नाही. मराठी पेपरात व्हिसलब्लोअरला 'जागल्या' म्हणतात. मूळ जागल्या म्हणजे रात्री गावाची राखण करणारा. त्यालाही गाव धान्य द्यायचं. तू फुकट जाग, आणि चोराने डोकं फोडलं तर ते तुझं नशीब, असं त्याला कुणी म्हणत नसे.

पुस्तकाशी माझं पहिलं भांडण इथे सुरू होतं. भारतीय कंपन्यांत एवढी लबाडी का, हे समजावताना एबन जुगाडाकडे वळतात. नियमातून पळवाट काढायची, काहीतरी करून काम भागवायचं, ही भारतीय सवय. वाचताना मीही मान डोलावली, कारण जुगाड मी रोज बघते. पण याच पुस्तकात ज्या कायद्याने शेवटी न्याय होतो, तो कायदा अमेरिकनांनी अमेरिकन सैन्याला भुसा विकला म्हणून जन्माला आलाय. मग तो कोणाचा जुगाड होता? बारुदीत भुसा घालणारा ठेकेदार आणि चाचणीचा आलेख बनवणारा केमिस्ट यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, संस्कृतीचं फार नाही. दोघांनाही माहीत होतं की पेटी कुणी उघडणार नाही. एका देशाने पेटी उघडणाऱ्याला वाटा दिला, दुसऱ्याने नाही. संस्कृतीकडे बोट दाखवलं की हा फरक नजरेआड होतो, आणि तो फरक बदलता येण्यासारखा आहे.

दुसरं भांडण जास्त गंभीर आहे. या कायद्यात नुकसान कोणाचं मोजतात? रुग्णाचं नाही, अमेरिकी तिजोरीचं. रॅनबॅक्सीवरचा दिवाणी आरोप नीट पाहिला तर तो असा आहे: निकषात न बसणाऱ्या औषधांची बिलं मेडिकेड, मेडिकेअर अशा सरकारी योजनांकडे गेली, सबब ते खोटे दावे. परदेशात मदत वाटणाऱ्या यूएसएआयडीचे पैसेही त्यात होते, म्हणून तेवढ्यापुरती बाहेरच्या रुग्णाला पोचलेली गोळीसुद्धा हिशेबात आली, ती त्याने खाल्ली म्हणून नव्हे तर बिल वॉशिंग्टनने भरलं म्हणून. दिल्लीत किंवा बीडमध्ये कुणी स्वतःच्या खिशातून घेतलेली पट्टी या हिशेबात कुठेच नाही.

पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. ठाकूर यांच्या लहान मुलाला कानाचा संसर्ग होतो. रॅनबॅक्सीचं अँटिबायोटिक देऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरत नाही. दुसऱ्या कंपनीचं तेच औषध दिल्यावर उतरतो. एबन हा प्रसंग माणसाच्या मनातली ठिणगी म्हणून वापरतात. एका मुलाचा ताप हा काही शास्त्रीय पुरावा नाही, आणि ठिणगी म्हणून प्रसंग चालतोही. मला त्यात आणखी काहीतरी दिसलं. तक्रारदार म्हणून याच माणसाने मेरीलँडच्या कोर्टात कंपनीला ५० कोटी डॉलरपर्यंत नेलं. गुरगावातला बाप म्हणून त्याच्या हातात एकच उपाय होता, ब्रँड बदलणं. माणूस तोच, माहिती तीच, हिंमतही तीच. फक्त ती माहिती पाठवायला एका ठिकाणी पत्ता होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता. पुस्तकाचं नाव खोट्यावर आहे, पण माझ्या मते त्यातला खरा विषय हा पत्ता आहे, आणि एबन त्यावरून भरधाव पुढे निघून जातात.

अमेरिकेचं कौतुक करायला मी हे लिहीत नाहीये. पुस्तकाचा एक गुण म्हणजे तेही करत नाही. तपास चालू असतानाच, नोव्हेंबर २०११च्या शेवटी, याच रॅनबॅक्सीला लिपिटॉर या कोलेस्टेरॉलच्या औषधाची जेनेरिक आवृत्ती विकायची परवानगी मिळाली. सरकारला स्वस्त गोळी हवी होती. वर्षभरात काचेच्या कणांमुळे त्यातल्या काही बॅचेस परत बोलवाव्या लागल्या. अमेरिकेत एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला झाला नाही. पैसे भरले की प्रकरण मिटतं, ही या कायद्याचीही उणीव आहे. आणि खासगी माणसाने सरकारचे अधिकार वापरणंच घटनाबाह्य आहे, असा निकाल २०२४मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी दिला, तो वाद वरच्या कोर्टात गेला.

आता मी हे सगळं इतकं मनाला लावून का घेतेय, ते सांगते. पहिल्या नोकरीत मी एका सरकारी खात्याच्या पोर्टलवर काम करत होते. कंपनी मोठी नव्हती, मोठ्या कंत्राटदाराखालची छोटी. एका टप्प्याचं बिल लावायचं होतं, आणि त्यासाठी टेस्टिंगचा अहवाल जोडायचा होता. चारशे बारा टेस्ट केसेस. त्यातल्या सत्तरेक चालवल्याच नव्हत्या, कारण ते मॉड्यूल अजून धड उभंच राहत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी आमचा लीड म्हणाला, "पास मारून टाक गं, पुढच्या आठवड्यात करूच की. बिल अडकलंय." मी मारले. चार मिनिटांत सत्तर. अहवालावर तयार करणारी म्हणून माझं नाव गेलं.

तेव्हा मला वाटलं होतं की मी टेस्टिंगमध्ये आळस केला. एबनचं पुस्तक आणि मग तो कायदा वाचताना लक्षात आलं की गोष्ट वेगळी होती. सॉफ्टवेअरमध्ये बग असणं ही लबाडी नव्हे, बग सगळ्यांच्याच असतात. जे झालं नाही ते झालं असं सांगून सरकारकडे बिल लावणं, ही लबाडी. त्या अहवालाची शेवटची ओळ बिलाची होती आणि मी ती वाचलीच नव्हती.

हा कायदा सॉफ्टवेअरलाही लागू होतो, हे पुस्तकात नाही पण आपल्या पिढीने माहीत करून घ्यावं असं आहे. डेन्मार्कमध्ये सिस्कोच्या एका भागीदार कंपनीत काम करणाऱ्या जेम्स ग्लेन यांनी २००८मध्ये सिस्कोच्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची भोकं कळवली. काही महिन्यांत त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी अमेरिकेत याच कायद्याखाली दावा केला, आणि २०१९मध्ये सिस्कोने ८६ लाख डॉलर देऊन तडजोड केली. माल असुरक्षित आहे हे माहीत असून तो सरकारला विकला, हा मुद्दा होता.

आणि आपल्याकडे? सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी २००२मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ला गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. न्यायालयाने पुढे ते लूटमारीचं प्रकरण मानून तिघांना दोषी ठरवलं. खुनाचा पत्राशी संबंध होता का, यावर वाद राहिला. नाव गुप्त राहिलं नाही, यावर वाद नाही.

त्यानंतर बऱ्याच चर्चेअंती २०१४मध्ये जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला. मे महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. पण तो लागू होण्याची तारीख सरकारने अजून जाहीर केलेली नाही. लागू झाला असता तरी तो लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. एखाद्या औषध कंपनीतला केमिस्ट किंवा माझ्यासारखी टेस्टर आपल्या कंपनीबद्दल त्यात काही सांगू शकत नाही. निनावी तक्रार त्यात चालत नाही. आयकर खात्याकडे किंवा सेबीकडे खबर देणाऱ्यांसाठी बक्षिसाच्या योजना आहेत, पण तिथे तुम्ही फक्त खबऱ्या असता. पुढे काही करायचं की नाही, हे खातं ठरवतं. खात्याने फाइल बंद केली तर स्वतः कोर्टात उभं राहायचा हक्क तुम्हाला नसतो. ठाकूर यांनी २०१६मध्ये भारतातल्या औषध नियमनाबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका नेली, ती न्यायालयाने सुनावणीलाच घेतली नाही. पुढे २०२२मध्ये प्रशांत रेड्डी यांच्यासोबत त्यांनी 'द ट्रुथ पिल' हे पुस्तक लिहिलं. त्यात नायकाची कथा जवळजवळ नाही. भारतातले औषधांचे कायदे आणि खाती कशी चालतात याची चिकाटीने केलेली उलटतपासणी आहे. एबन यांचं पुस्तक तुम्ही दोन रात्रींत संपवाल. या दुसऱ्याला महिना लागेल. पण पहिलं वाचून राग आला असेल, तर त्या रागाचं पुढे काय करायचं ते दुसऱ्यात सापडतं.

'बॉटल ऑफ लाइज' वाचून झाल्यावर पुढच्या शनिवारी मी त्या खात्याच्या तक्रार निवारण पोर्टलवर गेले. ते आम्ही बनवलेलं पोर्टल नव्हतं, दुसरं होतं. तक्रारीचा प्रकार निवडायच्या यादीत रस्ते, पाणी, निवृत्तिवेतन, कर्मचाऱ्याची वर्तणूक असं बरंच काही होतं. 'तुमच्या ठेकेदाराने खोटं बिल लावलं आणि ते मी तयार केलं' याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. 'इतर' निवडलं. मग नाव, आधार, पत्ता, मोबाइल नंबर. फोनवर ओटीपी आला.

मी तो टाकला नाही. माझा तेव्हाचा लीड आता दोन मुलांचा बाप आहे, आणि अहवालावर नाव त्याचं नाही, माझं आहे. सील नाही, वकील नाही, आणि तक्रार आधी ज्याच्या टेबलावर जाईल त्यानेच बहुधा ते बिल मंजूर केलेलं. दहा मिनिटांनी ओटीपीची मुदत संपली. त्या टेस्टिंग टूलचा लॉग मात्र अजून कुठल्यातरी सर्व्हरवर असेल. शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटं, चार मिनिटांत सत्तर, आणि प्रत्येक ओळीपुढे माझा युजरनेम.